आतलं माप की बाहेरचं?

कोकणात निवडुंग लावायला निघालेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, तिचा मला आता सराव झाला आहे. त्या नजरेत थोडी कीव असते, थोडी करमणूक असते आणि ‘मुंबईचे दिसतात!’ हे निदान तर असतेच असते. अहो, ज्या मुलखात पडलेला नारळसुद्धा कुणाच्या परवानगीवाचून उगवतो आणि पावसाळ्यात कुंपणाच्या खुंटाला पालवी फुटते, तिथे विकतची माती आणून तिच्यात काटे लावायचे, ही कल्पना मांडव्याच्या माणसाला पटावी तरी कशी? निवडुंगाची आणि शेराची जागा वईवर, म्हणजे कुंपणावर. गुरे आत येऊ नयेत म्हणून. अंगणात तुळस असावी, जास्वंद असावी, फार तर अबोली. आमच्या शेजारच्या आजींनी तर पहिल्याच दिवशी विचारले, “काय हो, बाहेरची गुरं अडवायची का घरातली?”

मांडवा म्हटले की निम्म्या लोकांना ‘अग्निपथ’ आठवतो. काहींना १९९० सालचा, काहींना २०१२ सालचा. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा धक्क्यावर पाऊल ठेवता ठेवता आवाज खर्जात नेतो आणि स्वतःचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव असा सगळा दाखला सांगून मोकळा होतो. उरलेल्या निम्म्या लोकांना बंगले आठवतात. आमचा बंगला नव्हे. दोन खोल्या, पडवी आणि मागे चार गुंठे मोकळी जागा एवढाच आमचा पसारा. सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या घरातले पुतळे पाहायला जाणारी मंडळी कधीकधी रस्ता चुकून आमच्या फाटकाशी येतात. त्यांनाही पूर्वी पुतळ्यांऐवजी मी मातीत बसलेला दिसत असे.

पण हे सारे ज्यामुळे घडले, ते आधी सांगायला हवे.

दादरच्या तिसऱ्या मजल्यावर आमची साडेतीन फूट रुंदीची गॅलरी होती. तिथे ऊन सकाळचे तीन तास येई. त्या तीन तासांच्या भांडवलावर सौ.ने छत्तीस वर्षे संसार मांडला होता. माझ्याशी मांडलेला वेगळा. कान तुटलेले कप, बिस्किटांचे डबे, मुलाच्या लहानपणचे दुधाच्या भुकटीचे डबे, अशा सेहेचाळीस भांड्यांत सेहेचाळीस झाडे होती. कोरफड होती, पानफुटी होती, घायपाताचे एक पिल्लू होते. सकाळी नऊच्या सुमारास फुलणारा आणि म्हणून ‘ऑफिस टाइम’ म्हणून ओळखला जाणारा चिनी गुलाब होता. फड्या निवडुंग होता, त्याच्यावर कापसासारखे पांढरे किडे बसत आणि चिरडले की बोटे लालभडक होत. हे किडे क्षुल्लक समजू नका. त्यांच्याच भाऊबंदांपासून किरमिजी रंग काढतात. कंपनी सरकारने १७९५ साली तो रंगाचा किडा म्हणून ब्राझीलहून मागवला तो निघाला भलताच. रंग फारसा मिळाला नाही, पण त्याने हिंदुस्थानातला एका जातीचा निवडुंग मात्र खाऊन फस्त केला. सौ. जुन्या दातांच्या ब्रशाने आणि साबणाच्या पाण्याने त्यांचा समाचार घेई. कंपनी सरकारला जमले नाही ते तिला जमत होते.

आणि एक होता आईचा निवडुंग. आई म्हणजे तिची. पाच धारांचा, खांबासारखा उभा. वर्षातून एखाद्या रात्री त्याला पांढरे फूल येई आणि सकाळी मान टाकी. १९८९ साली सांगलीचे घर विकले तेव्हा भावांनी भांडी घेतली, बहिणीने देव घेतले. हिने परसातल्या निवडुंगाचा हातभर तुकडा टॉवेलात गुंडाळून आणला. आगगाडीत तो मला तीनदा टोचला. त्यामुळे आमचे संबंध पहिल्यापासून जरा ताठरच होते.

पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. एप्रिल २०२३ मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवून आम्ही सेहेचाळीस झाडे मांडव्याला आणली. ही बोट मार्च २०२० पासून सुरू झाली, नाहीतर गेटवेच्या लाँचमध्ये सेहेचाळीस डबे घेऊन चढण्याचा प्रसंग माझ्यावर आला असता. तासाभराच्या त्या प्रवासात सौ. गाडीतून उतरली नाही. आईचा निवडुंग तिच्या पायांशी होता.

आता माझी चूक सांगतो. मला वाटले, बिचारी झाडे जन्मभर कपात राहिली, त्यांना आता मोकळी जमीन देऊ. सौ. म्हणाली, “अहो, इथला पाऊस...” मी म्हणालो, “अगं, झाड आहे ते. झाडाला पावसाचं कसलं भय?” मे महिन्यात मी पंचेचाळीस झाडे अंगणात लावली. आईचा निवडुंग तेवढा तिने पडवीत डब्यातच ठेवला. कारण विचारले नाही, तिने सांगितले नाही.

सांगलीकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस पडतो. अलिबागकडे चार महिन्यांत दोन हजारांच्या घरात पडतो. हा फरक आकड्यांत फारसा वाटत नाही. जुलैत तो वाटू लागला. कोरफडीची पाने आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग हात लावला की गळून हातात येऊ लागली. घायपाताचे पिल्लू बुडाशी लगदा होऊन आडवे झाले. एकतीस झाडे गेली. पण त्याच जुलैच्या १९ तारखेच्या रात्री आपल्याच रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पडवीत बसून ती बातमी ऐकताना समोर कुजलेल्या कोरफडीबद्दल हळहळायचे कोणत्या तोंडाने? आम्ही दोघेही त्या झाडांविषयी काही बोललो नाही. न बोलल्यामुळे ते अधिकच मनात राहिले.

नंतर मी पुष्कळ वाचले. (नंतर वाचणे ही माझी जुनी सवय आहे.) त्यात एक गोष्ट फार गमतीची मिळाली. बेंजामिन हाइन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता. त्याने पानफुटीचे पान चाखून पाहिले आणि कळवले की ते सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट. त्याचे हे पत्र १८१५ साली लंडनला छापून आले. कारण बऱ्याच काळाने कळले. ही मांसल पानांची मंडळी दिवसा उन्हात आपली रंध्रे उघडतच नाहीत. उघडली तर पाणी उडून जाईल. रात्री गारव्यात ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्याचे आम्ल करून साठवतात आणि दिवसा दारे लावून त्यावर स्वयंपाक करतात. म्हणून सकाळी पान आंबट. म्हणजे रात्री बाजार करून ठेवायचा आणि दिवसा कडी घालून बसायचे, असा हा पै-पैचा काटकसरी संसार. त्याच्या मुळांभोवती चार महिने पाणी साचले, तर मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि बुडापासून कुजणे सुरू होते. तहानेने नव्हे, श्वास कोंडून मरतात ही झाडे.

त्या हिवाळ्यात सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सगळे उत्तम झाले, पण उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही, असे बजावले गेले. आता उरलेल्या पंधरा झाडांकडे ती खुर्चीवर बसून लांबून पाही आणि मला सूचना देई. “त्या डाव्या डब्यातलं गवत काढा. गवत म्हटलं मी! ते गवत नाही!” असे तीन आठवडे झाल्यावर माझ्या डोक्यात वाफा आला. उंच वाफा. ती जर मातीपर्यंत वाकू शकत नसेल, तर मातीने दोन फूट वर यायला काय हरकत आहे? शिवाय उंचावर पाणी साचणार नाही. एका दगडात दोन पक्षी, असे मला वाटले. दगड बरेच लागले.

मी कागदावर आकृती काढली. आठ फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच. खुर्चीवर बसून एका बाजूने दोन फुटांपर्यंत हात पोचतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी बसले की मधोमध पोचेल. आठ चोक बत्तीस, बत्तीस दुणे चौसष्ट. चौसष्ट घनफूट भरण लागणार. एवढा हिशेब मी चाळीस वर्षे हिशेबखात्यात काढल्यामुळे तोंडी केला आणि तेवढा मुरूम आणि विटांचा रोडा सांगूनही टाकला.

गवंडी आला. त्याने टेप काढली, माझी आकृती उलटी धरून पाहिली आणि विचारले, “साहेब, आतलं माप का भाईरचं?”

त्या क्षणी मला प्रश्नच कळला नाही. पण न कळलेल्या प्रश्नाला ठाम उत्तर द्यायचे, हेही हिशेबखात्यातच शिकलो होतो. म्हणालो, “बाहेरचं.”

तो काही बोलला नाही. जांभ्याचे चिरे आले. आमच्या बाजूचा दगड काळा. जांभा दक्षिणेकडून ट्रकने येतो. नऊ इंच जाडीची भिंत चारी बाजूंनी उभी राहिली. आणि आत उरली साडेसहा फूट बाय अडीच फूट. चौसष्टांचे साडेबत्तीस घनफूट झाले. निम्म्याहून किंचित जास्त. बाकीचा मुरूम आणि रोडा घरामागे ढीग होऊन पडला. सौ.ने ढीग पाहिला, वाफा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि आत चहा करायला गेली. गवंड्याला साखर जास्त पडली होती.

एक मात्र सांगितले पाहिजे, त्या गवंड्याला अक्कल होती. मी वाफा पडवीला लागून आखला होता. त्याने तो चार फूट पुढे ढकलला. “पागोळीखाली कोन झाड लावतो?” पडवीच्या कौलांवरून पडणारी पागोळ्यांची धार नेमकी त्याच जागी पडणार होती. खालच्या थरात दर दोन फुटांवर त्याने एक सांधा चुन्या-सिमेंटावाचून मोकळा ठेवला. तळ उघडाच राहू दिला. मी तळाला गिलावा करायचे म्हणत होतो, त्यावर तो म्हणाला, “मग हौद व्हईल. मासे सोडा.”

भरण करायची वेळ आली तेव्हा आमचे वाजले. मी पुस्तकात वाचले होते की तळाला मोठे दगड, वर खडी, वर रेती आणि सगळ्यात वर बारीक चाळलेली माती. असे थर लावले की पाण्याचा निचरा उत्तम होतो. तो म्हणाला, “सगलं एकत्र कालवा. थर लावायला ती बिर्याणी नाय.” मी त्याला घरी पाठवले आणि चार दिवस खपून थर लावले. रेती समुद्रावरची आणायला निघालो होतो, तेव्हा आजींनी अडवले; खारी रेती मुळांना जाळते आणि शिवाय किनारा उकरून न्यायचा नसतो. तेवढे ऐकले. वरची माती अशी चाळली होती की तिच्या भाकऱ्या थापाव्यात.

मे २०२४ मध्ये सौ. खुर्चीवर बसली आणि तिने स्वतःच्या हातांनी चौदा झाडे लावली. मग पडवीकडे पाहून म्हणाली, “तोही आणा.” आईचा निवडुंग वाफ्याच्या मधोमध उभा राहिला. माझ्या हिशेबावर तिने ठेवलेला तो विश्वास होता, हे मला त्या वेळीही कळले होते.

ऑगस्टमध्ये एका सकाळी तो मला तिरका दिसला. सौ. उठायची होती. मी बुडाशी बोट लावले, बोट आत गेले. वास आला. उपटला तर खालचा वीतभर भाग नुसता चिखल. भोवतीची माती वरून कोरडी, पण हात घालून पाहिले तर खाली, खडीच्या अगदी वर, ओल्या पिठाच्या गोळ्यासारखी. आणि तिच्याखालची खडी? जवळजवळ कोरडी!

मी कोयता घेतला, कुजलेला भाग तोडला, वरचा दीड हात तुकडा घरामागच्या ढिगावर फेकला आणि हात धुऊन आत आलो. सौ.ला सांगितले, “गेला. सगळाच कुजला होता.” सगळा कुजला नव्हता. पण उरलेला तुकडा हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही. ती एवढेच म्हणाली, “आईच्या हातचं तेवढं एकच होतं.” आणि दोन दिवस वाफ्याकडे फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनेच मला मोरीपाशी बोलावले. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून तिने जाळीच्या चाळणीवर आडवा ठेवला. पाणी ठिबकले आणि थांबले. “आता दाबून बघा.” दाबला तर आत भरपूर पाणी. खाली जाळी, मोठमोठी भोके, पण पाणी काही खाली उतरायला तयार नाही. मग तिने तोच ओला स्पंज उभा केला. पुन्हा धार लागली. “तुमची चाळलेली माती म्हणजे हा स्पंज,” ती म्हणाली. “खाली दगड असले म्हणून ती पाणी सोडत नाही. पुरती चिंब झाल्याखेरीज थेंब खाली देत नाही.” बारीक मातीतल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात, खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्या ते ओढून घेऊ शकत नाहीत. म्हणजे खडीच्या थराने निचरा वाढला नव्हता. पाणी थांबायची पायरी तेवढी दोन वितींनी वर, मुळांच्या जवळ आणून ठेवली होती. आणि स्पंज उभा केल्यावर जास्त पाणी जाते, तसा मातीचा थर जितका उंच, तितका वरचा भाग कोरडा. हे मला सहा पुस्तकांतून कळले नव्हते. तिने भौतिकशास्त्र मॅट्रिकला सोडले होते.

तोवर आणखी चार झाडे गेली होती.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला तेव्हा वाफा उपसला. दगड, खडी, माती सगळे अंगणात पसरले. आता सगळे एकत्र कालवायचे होते आणि मुरूम लागणार होता, म्हणून मी घमेले आणि फावडे घेऊन घरामागच्या ढिगाकडे गेलो. दुसरे की तिसरे फावडे मारले आणि हिरवे काही दिसले.

तो तुकडा. आडवा पडला होता तसाच होता. एक बाजू उन्हाने पिवळी पडलेली, कोयत्याची जखम वाळून टणक झालेली. उचलायला गेलो तर उचलेना. जमिनीकडच्या धारेतून त्याने मुळे सोडली होती, मुरमात आणि विटांच्या तुकड्यांत घट्ट. वरच्या धारेवर बोटाएवढा नवा कोंब होता. अडीच महिने त्याला कुणी पाणी घातले नव्हते, कुणी थर लावले नव्हते, कुणी पाहिलेसुद्धा नव्हते. ढिगाला चारी बाजूंनी उतार होता, एवढेच त्याचे भाग्य.

मी सौ.ला हाक मारली. काठी टेकत ती आली. मग मी ऑगस्टमधली सगळी हकीकत सांगितली. ती हसली नाही, रागावलीही नाही. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “फेकताना कोंबाची बाजू वर पडली, नाही?” मी म्हणालो, “हो.” तेव्हा कोंब कुठे होता! पण हे खोटे तिने चालवून घेतले.

वाफा पुन्हा भरला. दोन घमेली मुरूम, एक घमेले विटांचा जाडा चुरा, एक घमेले माती, अर्धे घमेले पालापाचोळ्याचे जुने खत, अशा हिशेबाने, तळापासून काठापर्यंत एकच मिश्रण. मधोमध फुगवटा, कडांना उतार. महिनाभरात ते तीन बोटे खाली बसले, पुन्हा भर घातली. ब्रह्मकमळाला मात्र त्यातून वगळले. ज्याला आपण घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो आणि ज्याच्यासाठी रात्री बारा वाजता शेजाऱ्यांना उठवतो, तेही मुळात निवडुंगच, पण मेक्सिकोकडच्या जंगलात झाडांवर राहणारे. उन्हाळी वाफ्यात त्याचे काय काम? नारळाच्या सोडणात बसवून ते आंब्याच्या खोडाला बांधले. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे.

मे २०२५ मध्ये बांबू रोवून वर पारदर्शक पन्हळी पत्रा घातला. आजी म्हणाल्या, खिळे मारू नका, दोरीने बांधा, वेळ आली तर सोडता आला पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात त्यांच्या वाडीतल्या सुपाऱ्या झोपल्या आणि कुणाचा तरी पत्रा उडून त्यांच्या विहिरीत आला. दोरीनेच बांधला. आजी कांद्याच्या वेण्या बांधतात ती गाठ त्यांनी मला शिकवली. अलिबागचा पांढरा कांदा जी गाठ धरते ती पत्रा धरणार नाही, असे होणार नाही. मागचा सबंध पावसाळा तिने धरला. पानांपासून आणि फुटव्यांपासून सौ.ने वाढवून बावीस केलेल्या झाडांतली दोन गेली. दोन म्हणजे आमच्या घरच्या परंपरेने काहीच नव्हे.

आईचा निवडुंग वाफ्यात नाही. तो ढिगावरच आहे. तीन कोंब झाले आहेत, त्यांतला एक माझ्या गुडघ्याला लागतो आणि जाता-येता टोचतो.

परवा, दिवाळीच्या आधी, गवंडी आला होता. कुणाच्या तरी अंगणाला मुरूम हवा होता आणि आमच्या ढिगाची त्याला आठवण होती. “पडूनच आहे ना, साहेब?” मी काही म्हणायच्या आत सौ. म्हणाली, “तो ढीग द्यायचा नाही. उलट त्याच्याभोवती चिऱ्यांची एक रांग लावून द्या. खुर्ची जवळ नेता आली पाहिजे.”

त्याने टेप काढली. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“वैनी, आतलं माप का भाईरचं?”

“आतलं,” सौ. म्हणाली.